गोठवलेल्या संगणकांच्या आड लपू नकोस

आधी माझं पुरतं ऐकून घे. मधे बोलू नकोस आणि चहा मागवायची घाई करू नकोस.

मी आत आले तेव्हा तू मोठ्या अभिमानाने सांगितलंस, "बाई, आता आपल्याकडे व्हायरसचं टेन्शनच नाही. सगळे पीसी फ्रीझ करून टाकलेत. कुणी काहीही करू दे, रीस्टार्ट मारला की पहिल्यासारखं." यातलं निम्मं खरं आहे. त्या निम्म्या खऱ्याच्या भरवशावर तू काही वर्षं हात झटकून बसला आहेस, याचा मला संताप येतो. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी मुकाट्याने निघून गेले असते. पण ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात तू माझ्यासमोर बसलास, आणि आज ज्यांच्या घरी संगणक नाही अशी या तालुक्यातली मुलं तुझ्या या सहा संगणकांवर आपले अर्ज भरतात. म्हणून बोलणार.

त्या सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही. हे आधीच सांगते, नाहीतर उद्या बाई रागावल्या म्हणून तू ते काढूनच टाकशील. सार्वजनिक संगणकाला दिवसभर नाना हात लागतात. कुणी गेम टाकतं, कुणी ब्राउझरमध्ये भलतंसलतं घुसवतं, कुणाच्या पेन ड्राइव्हमधून फोल्डरांचे शॉर्टकट करणारा तो जुना व्हायरस येतो. अशा वेळी डिस्कवर लिहायला निघालेली प्रत्येक गोष्ट हे सॉफ्टवेअर बाजूच्या तात्पुरत्या जागेत वळवतं. वाचकाला वाटतं, फाइल सेव्ह झाली. रीस्टार्ट झाला की त्या जागेचा हिशेब पुसला जातो आणि मूळ डिस्क होती तशी समोर येते. कल्पना चांगली आहे आणि जुनीही. मायक्रोसॉफ्टने 2005 मध्ये एक्सपीसाठी शेअर्ड कॉम्प्युटर टूलकिट काढलं, 2007 मध्ये त्याचं स्टेडीस्टेट झालं. ते फुकट होतं, शाळा-ग्रंथालयांना मोठा आधार होता. 2010 च्या अखेरीस त्यांनी ते देणं थांबवलं, जून 2011 मध्ये मदतही बंद केली. विंडोज 7 पर्यंत ते पोचलंच नाही. मग ग्रंथालयांना कॅनडातल्या फॅरोनिक्स कंपनीच्या डीप फ्रीझसारखी विकतची सॉफ्टवेअर उरली. विंडोजच्या एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत युनिफाइड राइट फिल्टर नावाने हीच सोय आतच दिलेली असते. तेव्हा तू गोठवलंस ते बरोबर केलंस. गोठवल्यानंतर काय केलंस, ते सांग.

काहीच केलं नाहीस. मी विचारलं, शेवटचं अपडेट कधी केलं? तू मदतनिसाकडे पाहिलंस, त्याने खाली पाहिलं. पासवर्ड कुणाकडे आहे विचारलं, तर ज्या मुलाने सॉफ्टवेअर टाकून दिलं तो पुण्याला नोकरीला गेला आणि त्याचा नंबर बदलला. म्हणजे स्वतःच्या ग्रंथालयातले सहा संगणक उघडायची किल्ली आज तुझ्याकडे नाही. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली अशी कुणाच्या खिशात पुण्याला गेली असती तर तू दुसऱ्या दिवशी कुलूप बदलून घेतलं असतंस.

डिस्क ज्या दिवशी गोठवली, त्या दिवशीचं विंडोज गोठलं. त्यातली त्या दिवशीची सगळी भगदाडं गोठली. अँटिव्हायरसची त्या दिवशीची व्हायरसांची यादी गोठली. आता रोज सकाळी काय होतं ते नीट बघ, कारण तू ते कधी पाहिलेलं दिसत नाही. संगणक सुरू होतो. अँटिव्हायरसला कळतं, आपली यादी फार जुनी झाली. तो नवी उतरवायला लागतो. विंडोजही आपली अपडेट्स उतरवायला घेतं. सहाच्या सहा संगणक एकाच वेळी तुझ्या त्या एका ब्रॉडबँडवर तुटून पडतात. आत दोन जीबी रॅम आणि घरघरणारी जुनी हार्ड डिस्क. समोर बसलेलं पोरगं दहा मिनिटं फिरत्या चकतीकडे बघत राहतं. संध्याकाळी मेन स्विच बंद होतो आणि उतरवलेलं सगळं पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. हंडा भरायचा आणि संध्याकाळी ओतून द्यायचा, असा हा उद्योग तुझ्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे, आणि वाचकांनी "नेट स्लो आहे" म्हटलं की तू इंटरनेटवाल्याला फोन करून त्याच्याशी भांडतोस.

आणि गोठवण्यापूर्वी संगणक स्वच्छ होता का? तपासला होतास का? त्या दिवशी आत काही घुसलेलं असेल, तर तेही तू गोठवून कायमचं करून ठेवलं आहेस. रीस्टार्ट केलास की तेही दररोज ताजंतवानं होऊन परत येतं.

2017 च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर आठवतं? 12 तारखेला ते जगभर पसरलं. ज्या भगदाडातून ते शिरत होतं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने हातात होते. ज्यांनी अपडेट केलं ते वाचले, ज्यांनी टाळलं त्यांच्यापैकी अनेकांच्या फायली कुलूपबंद झाल्या. तू म्हणशील, आमच्याकडचं तर रीस्टार्टनेच निघून गेलं असतं. गेलं असतं, पण भगदाड तिथंच राहिलं असतं आणि शेजारच्या संगणकावरून ते पुन्हा आलं असतं. शिवाय गोठवलेली असते ती त्या संगणकाची स्वतःची डिस्क. तुझ्या काउंटरच्या संगणकावरचं शेअर केलेलं फोल्डर त्या सहांना विनापासवर्ड दिसतं, मी स्वतः उघडून पाहिलं. त्यात दाखल नोंदवही आहे, सभासदांची यादी आहे, देवघेवीची नोंद आहे, आणि तो संगणक तर तू गोठवलेलाही नाहीस. रीस्टार्ट होईपर्यंत त्या फोल्डरचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

आता त्या कोपऱ्यातल्या संगणकाकडे ये. उजवीकडे खाली तारीख बघ. 1 जानेवारी 2012. मदरबोर्डवरचा सेल संपलाय, त्यामुळे रात्री मेन स्विच बंद झाला की घड्याळ मागे जातं. तारीख चुकीची असली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं ब्राउझरला खोटी वाटतात आणि तो इशारा दाखवतो. काही साइट तो उघडतच नाही. ज्या उघडू शकतात, त्यांच्यासाठी तुझ्या मदतनिसाने मुलांना युक्ती शिकवली आहे. माझ्या समोर त्याने एका मुलाला सांगितलं, "ते लाल येतं ना, खाली ॲडव्हान्स्डवर क्लिक कर आणि पुढे जा. काही होत नाही."

या एका वाक्यासाठी मी तुला सोडणार नाही. मधे कुणी तोतया बसून मुलाचा पासवर्ड घेत असेल, तर त्याला सावध करायला तोच एक इशारा असतो. तो दुर्लक्षित करायची सवय तू ग्रंथालयात बसून लावतो आहेस. हीच मुलं उद्या आईच्या मोबाइलवर बँकेचं खातं उघडतील, लाल पाटी दिसेल आणि ती पुढे जातील, कारण ग्रंथालयातल्या सरांनी सांगितलं होतं, काही होत नाही. आणि हे सगळं सीआर 2032 या एका गोल सेलसाठी. कुठल्याही घड्याळवाल्याकडे तो मिळतो, शंभर रुपयांच्या आत. मागचं झाकण काढायचं, जुना सेल नखाने उचलायचा, नवा बसवायचा, बायोसमध्ये जाऊन तारीख लावायची. पंधरा मिनिटांचं काम. त्यासाठी कुठल्या मंजुरीची वाट बघत होतास?

दुपारी वीज गेली तेव्हा खिडकीशी बसलेली ती मुलगी तू पाहिलीस का? स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरत होती. फोटो आणि सही स्कॅन करून, साइटला हवी तेवढ्या केबीत बसेपर्यंत कमी करून, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, सगळं नीट नावं देऊन तिने डेस्कटॉपवर ठेवलं होतं. तुझ्या यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच्या गेल्यात, त्यामुळे वीज गेली तसा संगणकही गेला. परत सुरू झाला तेव्हा डेस्कटॉपवर फक्त तुझ्या ग्रंथालयाचं बोधचिन्ह होतं. ती काउंटरवर आली. मदतनीस म्हणाला, "इथं सेव्ह केलेलं राहत नाही, माहीत नाही का?" तिला कुठून माहीत असणार? भिंतीवर पाटी नाही. स्क्रीनवर सूचना नाही. वर्तमानपत्रं फाडू नयेत, मोबाइलवर बोलू नये, चपला बाहेर काढाव्यात, एवढ्या सगळ्या पाट्या तुझ्याकडे आहेत. ही एक लावायला तुला सुचलं नाही. तिच्या त्या सगळ्या फायली तुझ्या निष्काळजीपणाने गेल्या, विजेने नव्हे.

अशा सॉफ्टवेअरमध्ये एखादा भाग न गोठवता मोकळा ठेवता येतो. तिथं 'तात्पुरतं' नावाची एक जागा कर. दिवसभर वाचकांनी तिथं ठेवावं, वीज गेली तरी ते राहील, आणि रात्री ग्रंथालय बंद करताना ती जागा रिकामी करायची. मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक मॉनिटरच्या खाली चिकटव: इथं ठेवलेलं रात्री पुसलं जातं, आपली फाइल पेन ड्राइव्हवर किंवा मेलवर घेऊन जा. मराठीत लिही, त्या मुलांना कळेल असं.

तू म्हणालास, रीस्टार्ट केला की सगळं पुसलं जातं, म्हणून वाचकांची माहिती सुरक्षित आहे. अरे, पण रीस्टार्ट करतं कोण? एक उठला की त्याच खुर्चीवर दुसरा बसतो. दहा मिनिटं लागतात म्हणून कुणीही रीस्टार्ट करत नाही. म्हणजे सकाळी दहाला उघडलेला मेल दुपारी चारला बसणाऱ्याला उघडाच मिळतो. मी बसले त्या संगणकावर डाउनलोड्समध्ये तीन वेगवेगळ्या घरांतल्या आधार कार्डांच्या पीडीएफ होत्या आणि एका बँक पासबुकाचं पहिलं पान. त्यातलं नाव मला वाचता आलं, तसं कुणालाही येईल. सकाळी कुणी खोडसाळाने कळा टिपणारं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं, तर ते दिवसभर सगळ्यांचे पासवर्ड टिपत बसेल. आणि रात्री तुझा रीस्टार्ट त्याच्या खुणाही पुसून टाकेल, म्हणजे चोरी झाली हे तुला कधी कळणारही नाही. ते सॉफ्टवेअर यंत्राला जपतं. त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसाला जपायचं काम तुझं आहे.

आणखी एक विचारते, खरं सांग. हे सॉफ्टवेअर विकत घेतलंय की क्रॅक केलेलं टाकलंय? तुझ्या चेहऱ्यावरच उत्तर आहे. विंडोजच्याही आत खोलवर बसणारी, संगणकावरचं प्रत्येक लिखाण आपल्या हातातून जाऊ देणारी वस्तू तू कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उचललीस आणि तिच्यावर वाचकांचा भरवसा ठेवलास. क्रॅक करणाऱ्याने आत काय ठेवलं, हे तुला कळायला मार्ग नाही. ते आजच्या आज निघालं पाहिजे.

माझं हे भय उगाच नाही, मोठ्या ग्रंथालयांचीही दाणादाण उडाली आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सोळा ठिकाणचे सुमारे 700 संगणक जानेवारी 2017 मध्ये खंडणीखोर सॉफ्टवेअरने अडवले आणि 35 हजार डॉलर मागितले. ग्रंथालयाने ते दिले नाहीत, बॅकअपवरून सगळं पुन्हा उभं केलं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनची ब्रिटिश लायब्ररी आणि टोरोंटोचं सार्वजनिक ग्रंथालय, दोन्हींच्या संगणक यंत्रणा अशाच हल्ल्यांनी बंद पडल्या. टोरोंटोत परत आलेली पुस्तकं नोंदवता येईनात म्हणून ती महिनोन्महिने ट्रेलरमध्ये भरून ठेवावी लागली. ब्रिटिश लायब्ररीने पुढच्या मार्चमध्ये स्वतःच अहवाल काढला, आणि जुनाट यंत्रणेमुळे नुकसान वाढलं आणि सावरायला उशीर झाला, हे त्यात उघडपणे मान्य केलं. तुझ्या बॅकअपचं विचारलं तर तू म्हणालास, "डी ड्राइव्हवर आहे." त्याच संगणकाच्या, त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर. तो बॅकअप नव्हे. एक बाहेरची हार्ड डिस्क घे, आठवड्यातून एकदा नोंदी उतरव, आणि उतरवून झाली की तार काढून ती कार्यवाहांच्या कपाटात ठेव.

आता तू अनुदानाचं बोलणार. बोल, त्यात खोटं काही नाही. 1967 चा ग्रंथालय कायदा आपल्या राज्याचा, त्याचा आपण अभिमान सांगतो, आणि ग्रंथालयातल्या माणसाच्या हातात पडणारा पगार बघितला की मान खाली जाते. अनुदान वेळेवर येत नाही हे मी अधिकाऱ्यांच्या तोंडावर बोलले आहे, पुन्हा बोलेन. पण मघापासून जे जे मी सांगितलं, त्यातल्या किती गोष्टींना अनुदान लागत होतं? पाटीला लागत नव्हतं. शेअर फोल्डरला पासवर्ड घालायला लागत नव्हतं. मदतनिसाला "काही होत नाही" म्हणण्यापासून थांबवायला तर मुळीच लागत नव्हतं.

संगणक जुने आहेत, हे खरं. तीन विंडोज 7 वर आहेत. त्याला 14 जानेवारी 2020 नंतर नेहमीची सुरक्षा अपडेट्स नाहीत, आणि क्रोमही त्यावर 109 व्या आवृत्तीवर थांबलं. बाकीचे तीन विंडोज 10 वर, त्याचीही मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. पुढे वर्षभर, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, नोंदणी करून सुरक्षा अपडेट्स मिळतात, पण ती तात्पुरती सोय झाली. विंडोज 11 तुझ्या यंत्रांवर चढणार नाही. त्याला टीपीएम 2.0 आणि साधारण 2018 नंतरचे प्रोसेसर लागतात. तेव्हा जे आहे त्यातूनच शहाणपणाने मार्ग काढ. सहापैकी जो अगदी मोडकळीला आलाय तो खोल आणि त्याची रॅम दुसऱ्यांना बसते का बघ. हार्ड डिस्क काढून लहानशी एसएसडी घाल. दहा मिनिटांचं सुरू होणं मिनिटाभरावर येईल आणि मग दोन वाचकांच्या मधे रीस्टार्ट करायचा कंटाळा येणार नाही. वाचकाच्या वेळेला रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राच्या आपल्या पाच नियमांत जागा दिली आहे. परीक्षेत तू त्यावर पानभर लिहिलं होतंस.

ज्या संगणकांवर फक्त अर्ज भरणं आणि वाचणं चालतं, तिथं लिनक्स मिंट टाक. पैसे पडत नाहीत. त्यात पाहुण्यांसाठी वेगळं सत्र सुरू ठेवता येतं. वाचक बाहेर पडला की त्याचं सगळं पुसलं जातं, आणि मूळ यंत्रणेची अपडेट्स मात्र चालूच राहतात. म्हणजे तुझं आजचं दुखणं मुळातच उरत नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेच. जुन्या फाँटमध्ये ज्यांचं काम अडकलंय, त्यांच्यासाठी एक विंडोजचा संगणक ठेव, आणि त्याला इंटरनेटची तार लावू नकोस.

जे विंडोजवर राहतील ते पुन्हा स्वच्छ बसव. पासवर्ड नसल्यामुळे तुला दुसरा मार्गही नाही. वाचकांचं खातं साधं असू दे, ॲडमिनिस्ट्रेटरचं नको. एकच अँटिव्हायरस ठेव. एका यंत्रावर तू दोन टाकलेत, ते आपसात भांडून संगणकाचा जीव घेतात. आधी अपडेट, मग पूर्ण तपासणी, मग गोठवणं, याच क्रमाने. आणि दर आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी उघडायचं, अपडेट करायचं, तपासायचं, पुन्हा गोठवायचं. प्रत्येक संगणकासाठी वहीत एक पान कर, तारीख आणि सही घाल. देवघेवीच्या नोंदीत तू एक दिवस चुकवत नाहीस, तशीच ही नोंद ठेवायची. पासवर्ड बंद लिफाफ्यात कार्यवाहांकडे, दुसरा तुझ्याकडे. टाकून देणाऱ्या मुलाकडे एकही नको.

सोमवारी ग्रंथालय बंद असतं ना? सकाळी दहाला मी येते. सेल, रिकामा पेन ड्राइव्ह आणि वही आणून ठेव. मदतनिसालाही बोलाव, त्याला ओरडू नकोस. त्याला कुणी शिकवलेलंच नाही, ते मी शिकवीन. एसएसडी आणि यूपीएसच्या बॅटऱ्यांसाठी कार्यकारिणीपुढे अर्ज आज संध्याकाळपर्यंत लिही. अध्यक्षांशी मी बोलेन, पण अर्ज तुझ्या सहीने गेला पाहिजे. आणि उठण्यापूर्वी सभासदांच्या नोंदीतून त्या मुलीचा नंबर काढ आणि तिला फोन कर. अर्जाची शेवटची तारीख विचार, आणि सांग की उद्या सकाळी काउंटरचा संगणक तिच्यासाठी मोकळा ठेवला आहे, शेजारी तू स्वतः बसशील.